पन्नास चौरस मीटर नीट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यात खरीप २०२५ पासून पीकविम्याची भरपाई हंगामाअखेर निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरू लागली. तेव्हापासून ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द पारावरच्या गप्पांतही आले आहेत. त्यावर दोन मागण्या हमखास ऐकू येतात. एक म्हणते, प्रयोगांची संख्या वाढवा. दुसरी म्हणते, हा खटाटोप बंद करून सगळे उपग्रहावर सोपवा. शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली दोरी, टेप आणि वजनकाटा यांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. आमच्या मते खरी गळती तिथे आहे आणि ती बुजवण्याचा मार्ग प्रशिक्षणातून जातो.

आधी हा प्रयोग असतो कसा ते थोडक्यात सांगतो. तालुका किंवा मंडळातून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने गावे निवडतात, गावातून ते पीक असलेले सर्व्हे किंवा गट नंबर निवडतात आणि निवडलेल्या शेतात बहुतेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आखतात. त्यातले पीक कापून, मळून, वजन करतात. तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यामुळे आलेल्या वजनाला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते. गणित शाळकरी आहे, पण चूकही त्याच २०० ने गुणली जाते. काट्यावर १०० ग्रॅम इकडेतिकडे झाले की हेक्टरी २० किलोचा फरक पडतो. रिकाम्या गोणीचे वजन वजा करायचे राहिले, तर त्याचीही हीच गत.

तुकडा कुठे आखायचा, हे शेतात शिरण्याआधी ठरलेले असायला हवे. शेताचा नैऋत्य कोपरा हा आरंभबिंदू. तिथून लांबी आणि रुंदी मोजायची, लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा करायचे आणि उरलेल्या मर्यादेत बसणारी यादृच्छिक अंकांची जोडी तक्त्यातून घ्यायची. समजा शेत ९० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. मग लांबीचा अंक ८० पर्यंतचा आणि रुंदीचा ३५ पर्यंतचा हवा. जोडी ५२ व १७ निघाली, तर कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने ५२ मीटर आणि तिथून काटकोनात आत १७ मीटर जाऊन पहिली खुंटी ठोकायची. शेत वेडेवाकडे असेल आणि तुकडा बांधाबाहेर जात असेल, तर ती जोडी सोडून पुढची घ्यायची. तुकडा थोडा सरकवून बसवणे ही सवलत नियमात नाही.

आणि नेमके इथेच हात सैल सुटतात. शेतकरी म्हणतो, साहेब, इकडे विरळ आहे, इथे घ्या. विमा कंपनीचा प्रतिनिधी दाट पिकाकडे बोट दाखवतो. प्रयोग घेणारा दोघांनाही दुखवायचे नाही म्हणून ‘मध्यम दिसणारी’ जागा निवडतो आणि आपण न्याय केला असे त्याला वाटते. पण मध्यम दिसणारी जागा डोळ्याने निवडली की तण, पाणी साचलेला पट्टा, उगवण न झालेली जागा हे सगळे नमुन्यातून कायमचे बाहेर जाते. शेताची सरासरी मात्र त्या पट्ट्यांना धरूनच बनलेली असते. तक्त्यातला अंक मोकळ्या जागेवर नेत असेल, तर मोकळी जागाच मोजायची.

आयत काटकोनी झाले की नाही, हे नुसत्या चार बाजू मोजून कळत नाही. चारी बाजू बरोबर असूनही आकार तिरका होऊ शकतो आणि मग क्षेत्र ५० चौरस मीटरपेक्षा कमी भरते. तपासणी सोपी आहे : दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ११.१८ मीटर आले पाहिजेत. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून आखणीला टेप आणि दोरी फक्त हद्द दाखवायला, असा नेम हवा.

हद्दीवरच्या झाडांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. झाडाचा बुंधा निम्म्याहून अधिक आत असेल तरच ते तुकड्यात धरायचे, पसारा कुठे झुकला आहे याचा विचार करायचा नाही. सोयाबीनची तासे (पेरणीच्या ओळी) ४५ सेंटीमीटरवर असतील, तर पाच मीटरमध्ये सव्वाअकराच्याही आत, साधारण ११.१ तासे बसतात. अकरा धरली तर चूक एक टक्क्याची, बारा धरली तर उत्पादन थेट आठ टक्के फुगते. दोरी तासावर पडली की ‘घ्या हेही’ म्हणण्याची सवय सार्वत्रिक आहे, कारण आखलेल्या जागेतले पीक सुटू नये असे माणसाला वाटते. चूक कोणत्या बाजूला होणार, हे त्यामुळे ठरलेले असते.

हा मुद्दा नवा नाही. भारतात यादृच्छिक कापणीचे पहिले मोठे प्रयत्न १९२०च्या दशकात बिहार-ओरिसातल्या भातावर हबॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने केले. पुढे बंगालमध्ये तागाच्या आणि भाताच्या पाहण्यांत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी छोट्या वर्तुळाकार तुकड्यांचा पुरस्कार केला, कारण ते कमी वेळात कापून होतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक पानसे यांनी याला हरकत घेतली. छोट्या तुकड्यात हद्दीवरच्या झाडांमुळे उत्पादन जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात आकड्यांनी दाखवून दिले. कारण भूमितीचे आहे. समजा कापणारा चारी बाजूंनी फक्त पाच सेंटीमीटर जास्तीचे कापतो. १० बाय ५ च्या तुकड्याचे क्षेत्र मग ५१.५१ चौरस मीटर होते, म्हणजे चूक तीन टक्क्यांची. तीच पाच सेंटीमीटरची ढिलाई एक मीटर चौरसात झाली, तर क्षेत्र १.२१ चौरस मीटर, म्हणजे एकवीस टक्के! मनुष्यबळ कमी म्हणून तुकडा लहान करा, अशी सूचना करणाऱ्यांनी ही बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी.

त्या वादातून आणि त्यामागच्या कामातून देशाची कृषी सांख्यिकी उभी राहिली. १९३० मध्ये तेव्हाच्या इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चमध्ये सुरू झालेला लहानसा सांख्यिकी विभाग १९५९ मध्ये स्वतंत्र संस्था झाला आणि १९७८ पासून दिल्लीतल्या पुसा परिसरातली भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था या नावाने ओळखला जातो. नमुना निवडीच्या पद्धती, शेतावरच्या प्रयोगांचे आराखडे, लहान क्षेत्राचे अंदाज हे तिथले विषय. एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे शिक्षणही तिथे चालते. संशोधनाची बाजू लंगडी आहे असे कोणी म्हणू नये. पुसाच्या ग्रंथालयातून निघालेली पद्धत गट नंबरच्या बांधापर्यंत पोहोचताना वाटेत किती झिजते, हा आमचा प्रश्न आहे.

आता संख्येच्या मागणीकडे येतो. पंतप्रधान पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळ हे एकक असेल तर प्रत्येक पिकाचे किमान १० प्रयोग सांगितले आहेत. ग्रामपंचायत एकक असेल तर प्रमुख पिकाचे किमान ४. शेताशेतातला फरक सरासरीच्या ३० टक्के धरला, जो कोरडवाहू भागात काही फार नाही, तर १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकते त्याचे माप, साडेनऊ टक्के येते. मंडळाचे खरे उत्पादन हेक्टरी ९०० किलो असेल, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा अंदाज साधारण ७३० ते १,०७० किलोच्या दरम्यान पडेल. सगळे काम निष्ठेने झाले तरीही! ही रुंदी निम्मी करायची, तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट म्हणजे ४० लागतात. आधीच एका माणसाच्या वाट्याला येणारे प्रयोग, त्यात चौपट वाढ; मग ते शेतात कमी आणि टेबलावर जास्त होतील, हे सांगायला सांख्यिकीची पदवी लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की, प्रयोग वाढवले तर फक्त दोन्ही बाजूंना पडणारी चूक कमी होते. एकाच बाजूला झुकणारी चूक, जिला आमच्या परिभाषेत अभिनती म्हणतात, ती हजार प्रयोग केले तरी तशीच राहते. तिचा परिणाम विम्यात किती होतो हे पाहण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेले की भरपाई मिळते ते) हेक्टरी १,००० किलो, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये, खरे उत्पादन ९०० किलो. तूट १० टक्के, भरपाई ५,००० रुपये. आता मंडळातल्या सगळ्या प्रयोगांत बारावे तास धरले गेले. उत्पादन ९७२ दिसते, तूट २.८ टक्के, भरपाई १,४०० रुपये. उत्पादनातली आठ टक्क्यांची चूक भरपाईतून ७२ टक्के खाऊन गेली.

त्यावर ओलाव्याची भर पडते. घाईत मळलेल्या सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा असेल आणि हिशेब १२ टक्क्यांवर करायचा असेल, तर वजनाला ८२ भागिले ८८, म्हणजे ०.९३ ने गुणायला हवे. तसे न करता ओले वजनच नोंदवले, तर वरचे ९७२ किलो १,०४३ होऊन बसतात. तूट संपली, भरपाई शून्य. याउलट तिरका तुकडा, सांडलेले दाणे, मळणीत राहिलेल्या शेंगा यांनी उत्पादन कमी दिसले, तर न देय असलेली रक्कम सार्वजनिक तिजोरीतून आणि कंपनीकडून जाते. चुका दोन्हीकडच्या आहेत, पण त्या एकमेकींना फेडतील असे गृहीत धरून चालत नाही. म्हणून वाळवणीची नोंद अपवादात्मक राहू नये : प्रत्येक प्रयोगात एक किलोचा नमुना कापडी पिशवीत बंद करून, वाळवून, पुन्हा तोलून दोन्ही वजने लिहावीत. ओलावा मापक असेल तर उत्तमच, पण तो वर्षातून एकदा तपासलेला असावा.

कापूस आणि आंतरपीक यांच्या अडचणी वेगळ्या. कापसाच्या वेचण्या तीन-चार होतात, आणि आखलेला तुकडा शेवटच्या वेचणीपर्यंत खुंट्यांसकट टिकला पाहिजे. पहिल्या वेचणीनंतर खुंटी औताखाली जाते, मजूर चुकून त्यातलाही कापूस वेचतात आणि उरलेल्या वेचण्यांचे आकडे अंदाजाने भरले जातात. उपाय साधा : चारी कोपऱ्यांच्या झाडांना रंगीत कापड बांधणे आणि प्रत्येक वेचणीची तारीख आधी ठरवून शेतकऱ्याला लेखी देणे.

आंतरपिकात घोटाळा कागदावर होतो. सोयाबीनची चार आणि तुरीची दोन तासे सारख्या अंतरावर असतील, तर सोयाबीनचे क्षेत्र दोन तृतीयांश. तुकड्यातून ८ किलो सोयाबीन निघाले, तर एकूण शेताच्या मानाने ते हेक्टरी १,६०० किलो आणि सोयाबीनच्या स्वतःच्या क्षेत्राच्या मानाने २,४०० किलो. एक हेक्टर शेत असेल, सातबाऱ्यावर सोयाबीनचे ०.६७ हेक्टर लावायचे आणि उत्पादन १,६०० चे धरायचे, असे झाले की १,६०० किलोंच्या जागी १,०७२ किलो नोंदले जातात. पिकाचा तिसरा हिस्सा हिशेबातून नाहीसा! क्षेत्र आणि उत्पादन वेगवेगळ्या खात्यांचे लोक नोंदवतात, म्हणून ही चूक कोणाच्याच नजरेला पडत नाही. तुरीसारख्या पिकात असे चुकलेले आकडे पुढे आयातीच्या आणि खरेदीच्या निर्णयांपर्यंत जातात. जिल्ह्याचे नियोजन, गोदामांची गरज, जिल्हा उत्पन्नाचे अंदाज यांचाही पाया हाच आहे. क्षेत्राच्या बाजूला २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. ती स्वागतार्ह आहे, पण ॲपमध्ये मिश्र पिकाचे प्रमाण नीट भरायला शिकवले नाही, तर जुनी चूक फक्त वेगाने होईल.

उपग्रहाबद्दल. २०२३ च्या खरिपापासून विमा योजनेत भात आणि गव्हासाठी तंत्रज्ञानाधारित उत्पादन अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याची पद्धत आली. पिकाची वाढ, पेरणीचे क्षेत्र, पावसाचा खंड हे उपग्रह चांगले टिपतो. पण खरिपात ढग असतात, तेव्हा नेहमीच्या छायाचित्राऐवजी रडारवर विसंबावे लागते. मूग, उडीद आणि सोयाबीन सुरुवातीला वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय उपग्रहाला किलो कळत नाहीत, त्याला दिसतो हिरवेपणा. हिरवेपणाचे किलोत रूपांतर करणारे सूत्र जुळवतात ते कापणी प्रयोगांच्याच आकड्यांवर. ते आकडे आठ टक्क्यांनी फुगलेले असतील, तर सूत्र तोच फुगवटा इमानाने शिकते. लहान क्षेत्राच्या अंदाजाच्या ज्या पद्धती दहा प्रयोगांची उणीव शेजारच्या मंडळांच्या आणि उपग्रहाच्या माहितीने भरून काढतात, त्यांनाही हेच लागू आहे. अशा पद्धतींचा आम्ही पुरस्कारच करतो, पण त्यांच्यासाठी कमी पण खरे आकडे लागतात.

म्हणून प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट मागणी. तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून, चहा देऊन, हजेरीपटावर सह्या घेण्याने काम होत नाही. प्रशिक्षण उभ्या पिकात व्हावे, सोयाबीनसाठी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत, कारण लवकर येणारी वाणे त्यानंतर थांबत नाहीत. एकाच शेतात, एकाच अंकांच्या जोडीवर दोन गटांनी एकमेकांना न पाहता तुकडा आखावा, तासे मोजावीत, मग दोन्हींची तुलना करावी. दोघांत एका तासाचा फरक आला, तर चर्चा आपोआप होते आणि ती व्याख्यानापेक्षा जास्त लक्षात राहते. महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तिन्ही खात्यांचे कर्मचारी एकत्र बसवावेत, कारण प्रयोग तिघांत वाटले जातात आणि तिघांच्या सवयी वेगळ्या आहेत. शिकवायला राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांचे सांख्यिकी शिक्षक आहेत. त्यांना हंगामात आठ दिवस या कामावर पाठवणे अवघड नाही. विमा कंपन्यांच्या प्रतिनिधींनाही याच वर्गात बसवावे. आक्षेप घ्यायचा तर नियम माहीत असून घ्यावा.

पर्यवेक्षणाचे काम आकड्यांवरही होऊ शकते. प्रयोगाची ॲपवर नोंद होते, तिच्यात वेळ आणि ठिकाण असते. एका माणसाने एका दिवसात सहा प्रयोग केल्याचे दिसत असेल, तर आखणी, कापणी, मळणी, वजन या सगळ्याला किती वेळ लागतो ते ठाऊक असलेला माणूस लगेच थबकेल. वजने ४.५००, ५.०००, ५.५०० अशी गोलच येत असतील, किंवा एका मंडळातल्या दहाही शेतांचे उत्पादन एकमेकांच्या पाच टक्क्यांत असेल, तर तो चांगल्या कामाचा पुरावा नव्हे. शेते इतकी सारखी नसतात. निवडलेल्या गटात पीक आधीच कापलेले निघाल्याने किती ठिकाणी शेत बदलले, याचीही वेगळी बेरीज हवी. बदललेले शेत बहुधा रस्त्याकडेचे असते. हे सगळे तपासायला जिल्ह्याला एक सांख्यिकी अधिकारी पुरे, पण तो याच कामाला मोकळा हवा. खातेदाराचे नाव आणि गट नंबर झाकून प्रयोगनिहाय आकडे (गाव, तारीख, वेळ, ओले वजन, कोरडे वजन, शेत बदलले की नाही) संकेतस्थळावर टाकले, तर विद्यापीठातले विद्यार्थीही ही तपासणी करतील.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. मंडळाचे उत्पादन छापताना प्रयोग किती झाले आणि अंदाजाची रुंदी किती, हे शेजारी छापावे. ‘९०० किलो’ आणि ‘१० प्रयोगांवरून ९००, साधारण ७३० ते १,०७०’ या दोन बातम्या वेगळ्या आहेत.

आणि ज्यांच्या शेतात प्रयोग होणार आहे त्यांच्यासाठी. प्रयोगाला हजर राहा. अंकांची जोडी शेतात शिरण्याआधी लिहिली आहे का, ते पाहा. दोन्ही कर्ण ११.१८ भरतात का, हे टेप धरून स्वतः बघा. दोरीवरच्या तासाचे काय केले ते विचारा. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का आणि गोणीचे वजन वजा झाले का, एवढे तपासा. ओलाव्याचा रकाना कोरा असेल तर सही करू नका, किंवा सहीखाली तसे लिहा आणि प्रपत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हरकत त्याच दिवशी नोंदवावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी रान मोकळे असते.

आपले,
कृषी सांख्यिकीचे अध्यापन व पीक कापणी प्रयोगांचे पर्यवेक्षण करणारे काही वाचक